धाकटीची मोटर आणि कारंज्याकडचा पूल

माझी धाकटी बहीण मोटरीच्या छपरावर मांडी घालून बसे. हातात लांब वेळू. पुढे रस्त्यावर एखादी फांदी खाली आलेली दिसली, तार लोंबताना दिसली, की ती वेळू छपरावर दोनदा आपटे आणि ओरडे, "थांबवा!" मोटर जागच्या जागी थांबे. मग ती उभी राहून फांदी वर रेटे, नाहीतर खाली वाकून सांगे, "उलसं उजवीकडे घ्या. आनखी. हां, येऊ द्या आता." मोटर तेवढीच उजवीकडे जाई आणि तेवढीच पुढे येई.

मोटर तिचा नवरा चालवत असे. लोक मोटरीकडे बघत, मी त्या माणसाकडे बघत असे. बायकोने थांब म्हटलं की थांबणारा नवरा मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

आमचं माहेर मंगरूळपीरजवळचं. मला किन्हीराजाला दिली. घरची जमीन चांगली, विहिरीला बारमाही पाणी, सासूला एकच मुलगा. माझ्या लग्नात बायका एकमेकींना कोपराने ढोसून म्हणत होत्या, पोरीनं नशीब काढलं. धाकटीच्या वेळी तसं कोणी म्हटलं नाही. तिला मागणी आली ती एका फोटोवाल्याची. बाबांना तो दर्ग्याच्या उरुसात भेटला होता. आमच्यातलाच होता, व्यसन नव्हतं, बोलायला गोड होता. पण ना जमीन ना घर. तिपाई, काळं फडकं आणि तळ्याकाठच्या महालाचं चित्र काढलेला एक पडदा, एवढा त्याचा संसार. माय पदराने डोळे पुसत होती. धाकटीच म्हणाली, "मले चालते." मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "काई लागलं-सवरलं तं मले सांगजो." ते म्हणताना मला फार बरं वाटलं होतं. पुढे जितकी वर्षं मी तिची कीव करत होते, तितकी वर्षं आमचं दोघींचं छान चाललं.

मग ती मोटर आली.

कुण्या बड्या मालगुजाराने ती शिकारीसाठी बांधून घेतली होती. खाली ट्रकचा सांगाडा, वर सागवानी घर. तो माणूस अंगापेराने उंच, आणि आत उभं राहिल्यावर आपला फेटा छताला टेकता कामा नये असं त्याने सुतारांना बजावलं होतं म्हणे. सुतारांनी फेट्यावर आणखी वीतभर जागा सोडली. मालगुजार वारला, पोरांना शिकारीचा शौक नव्हता, मोटर गोठ्यात उभी होती. तिथे लग्नाचे फोटो काढायला गेलेला माझ्या बहिणीचा नवरा ती मोडीच्या भावात घेऊन आला. त्यात त्याने मागच्या बाजूला फोटो धुवायला लाल काचेची अंधारी खोली केली. पुढच्या भागात एक पलंग, पितळी स्टोव्ह, भांड्यांची फळी, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. स्टोव्हच्या वर छपरातून निघालेलं पत्र्याचं धुराडंसुद्धा होतं.

अडचण एकच होती, उंची. आपल्याकडचे रस्ते बैलगाडीच्या मापाने झालेले. गावाची वेस, आमराईतली वाट, बाजारात दोन्ही बाजूंनी पुढे आलेले पत्रे, सगळं त्या मोटरीच्या कपाळाला लागे. पहिल्याच महिन्यात एका वडाच्या फांदीने छपराचा कोपरा उचकटला. तेव्हापासून धाकटी वर बसायला लागली. तिच्या वेळूला मोटरीच्या उंचीवर एक तांबडी चिंधी बांधलेली होती. शंका आली की खाली उतरून ती वेळू फांदीखाली उभा धरे. चिंधी मोकळी राहिली तर मोटर जायची, अडली तर नाही.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते किन्हीराजाला. सकाळची वेळ होती. मी अंगणात गोवऱ्या थापत होते आणि पोरं ओरडत आली, "काकू, तुमच्या घरी घर येऊन राह्यलं!" वेशीपाशी जाऊन बघते तर सगळं गाव गोळा झालेलं, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर, आभाळात, माझी बहीण. कासोटा घट्ट खोचलेला, पदर कमरेला गुंडाळलेला, तोंड उन्हाने रापलेलं. तिने वेशीला वेळू लावला, चिंधी कमानीच्या वर गेली, आणि ती खाली ओरडली, "नाई जात. चिंचेखाली लावा." आत बसलेला तिचा नवरा "बरं" म्हणाला आणि मोटर मागे सरकली. एवढ्या माणसांदेखत. त्याच्या आवाजात राग नव्हता की लाजही नव्हती.

माझी सासू म्हणाली, "बाई मानूस छपरावर? जगाची लाज तं सोडलीच, जिवाचं तरी काई?" पण मग ती मोटरीत जाऊन पलंगावर बसली ती उठायलाच तयार होईना. "इथं तं डोळाच लागन माया," म्हणत गादीवरून हात फिरवत राहिली. माझे यजमान बॉनेट उघडून त्यात डोकं घालून बसले. त्यांना मोटरीतलं काही कळत नव्हतं, पण मान हलवत होते.

मी धाकटीसाठी भाकरी-पिठलं घेऊन गेले. ती पायरीवर बसून खात होती आणि नवरा तिला विचारत होता, "उद्या शेलूवरून जाऊ का मालेगाववरून?" ती घास गिळून म्हणाली, "मालेगाववरून. शेलूच्या बाजारात तारा लय खाली हायेत." "बरं," तो म्हणाला.

त्या एका "बरं"ने माझी झोप उडवली. त्याच पावसाळ्यात मी यांना, माझ्या यजमानांना, तीनदा सांगितलं होतं की बैलगाडीच्या डाव्या चाकाची लोखंडी धाव सैल झाली आहे, खडखडते. "तू भाकरी पाय," हे म्हणाले. ज्वारीची पोती भरलेली गाडी नाल्यात बसली, चाक एकीकडे, धाव दुसरीकडे. घरी येऊन यांनी सासूला सांगितलं की रस्ता खराब होता. मी पाणी तापवून दिलं, पाय चेपले. आणि ही चिंचेखाली पायरीवर बसून पिठलं खाते आहे, आणि तिच्या एका शब्दावर चार चाकं फिरतात.

मी तिला म्हटलं, "किती काळी पडली तू." तिने मोटरीच्या आरशात पाहून हसून म्हटलं, "हाव ना बाई." तिला लागलंच नाही. ते तर आणखीच वाईट.

दुसऱ्या वर्षी चैत्रात तिच्या नवऱ्याचा निरोप आला. पोहरादेवीची जत्रा तोंडावर होती, जत्रेत फोटोचा धंदा वर्षभराचा होतो, आणि धाकटीला हिवताप धरला होता. दिवसाआड थंडी वाजून येत होती. छपरावर बसायला कोणी नव्हतं आणि तिची शुश्रूषा करायलाही. "बाई चार दिवस येतीन का?" मी काही बोलायच्या आत माझे यजमानच म्हणाले, "जाऊ ना. मीबी येतो." यांना मोटरीत बसायचं होतं. सासूने पोरं ठेवून घेतली.

आम्ही कारंज्याला पोचलो तेव्हा मोटर तिथेच उभी होती. काचेच्या प्लेटा आणि कागद रेल्वेने येत, ते घ्यायला त्यांना कारंज्याला यावं लागे. धाकटी पलंगावर दोन गोधड्यांखाली कुडकुडत होती. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. तिने डोळे उघडून म्हटलं, "बाई, वेळू दारामागं हाय." आणि मग, "भेव नाई ना वाटत?"

"मले कायचं भेव," मी म्हटलं.

शिडीच्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत मी वर चढले. पण एकदा वर बसले, मोटर सुरू झाली आणि गाव मागे पडलं, तेव्हा मला जे दिसलं ते आजही विसरले नाही. शेतं वरून दिसतात ती वेगळीच. बांध, काटेरी कुपाट्या, नाल्याकाठची पळसाची झाडं, लांबवर जत्रेला निघालेल्या गाड्यांची ओळ. वारा अंगावर घेत मी बसले होते आणि मनात एकच विचार, ही रोज हे बघते. मी चुलीचा धूर बघते आणि ही रोज हे बघते.

सुरुवातीला माझा अंदाज चुकायचा. दुरून फांदी दिसली की मी वेळू आपटायची, "थांबवा!" मोटर थांबायची, पाहुणे (धाकटीच्या नवऱ्याला मी पाहुणेच म्हणे) खाली उतरायचे, वर बघायचे. फांदी हातभर वर असायची. मग हँडल मारायचे आणि परत जाऊन बसायचे. पण त्यांच्या शेजारी बसलेल्या यांचं हसू मला छपरावर ऐकू यायचं. "तिले उगाच वर बसवलं," हे म्हणाले. "ती घरीबी पत्रावळ उडाली तरी भेते."

मग एका ठिकाणी खरोखरच तार आली. वाऱ्याने सैल होऊन झोळीसारखी लोंबत होती. मी थांबवलं, उभी राहिले, वेळूच्या टोकाला तार अडकवून वर उचलली आणि म्हटलं, "येऊ द्या. हळू." मोटर माझ्या पायांखालून पुढे सरकत होती आणि मी तार धरून एकेक पाऊल मागे जात होते, छपराच्या दुसऱ्या टोकापर्यंत. तार सुटून मागे हेलकावली आणि पाहुण्यांनी खालून हाक दिली, "वा बाई!" माझ्या छातीत काहीतरी एवढं मोठं झालं की मला वाटलं मी आता रडणार. आतून यांचा आवाज आला नाही.

त्यानंतर पूल आला.

लहान आगगाडीचे रूळ रस्त्याच्या वरून गेले होते. दोन्ही बाजूंना काळ्या दगडाचे खांब आणि वर लोखंडी तुळया. बैलगाडीच्या डोक्यावर त्या उंच वाटायच्या. एरवी धाकटी लांबच्या वाटेने नेत असे, पण नाल्याने यंदा ती वाट तोडली होती आणि दुसरा रस्ता नव्हता. दोन्ही बाजूंना काळी जमीन, नुकत्या झालेल्या अवकाळी सरीने लोण्यासारखी झालेली. मोटर तिथे उतरवली असती तर जत्रा संपेपर्यंत तिथेच राहिली असती.

मी खाली उतरले. पुलाखाली जाऊन वेळू उभा धरला. चिंधी तुळईच्या वर जाऊ बघत होती, चांगली चार बोटं. मी म्हटलं, "नाई जात."

हे उतरून आले. कमरेवर हात ठेवून मान वर करून पाहिलं. "जाते," हे म्हणाले. "आरामात जाते. तुया हात तिरपा हाय."

"हात सरळच हाय."

"मी पाहून राह्यलो ना? जाते."

पाहुणे एकदा माझ्याकडे, एकदा यांच्याकडे बघत राहिले. हे वयाने मोठे, थोरले साडू. त्यांना तोंडावर खोटं पाडायचं नव्हतं. मग ते गाडीच्या दाराशी गेले आणि आत डोकं घालून हळूच म्हणाले, "तू पायतं का एकदा?"

धाकटी गोधडी पांघरून उतरली. दात वाजत होते तिचे. दोन पावलं चालून ती थांबली, पुलाकडे पाहिलं, माझ्या हातातला वेळूसुद्धा घेतला नाही, आणि म्हणाली, "नाई जात."

पाहुण्यांनी लगेच इंजिन बंद केलं. आणि हे, माझे यजमान, म्हणाले, "पोरगी म्हनते तं खरंच हाय. तिले सवय हाय."

मी वेळू धरून तिथेच उभी होते. तोच शब्द. मी बोलले तेव्हा त्याला किंमत नव्हती, तिच्या तोंडून आला की खरा. तापाने तिचे डोळे लाल झाले होते, ओठ फुटले होते, आणि मला तिची दया यायला हवी होती. मला आली नाही. मला वाटलं, हिने आज तरी पलंगावरून उठायला नको होतं.

ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली. म्हणाली, "धुराडं काढा. टायरांची हवा सोडा, तीन-चार बोटं बसन." हे तिने आधी कधीतरी केलेलं असावं. दोघा पुरुषांनी धुराडं खोललं, चाकांची हवा सोडली. मोटर बसली, पण सगळी नाही. चिंधी मोटरीच्या नव्या उंचीवर सरकवून वेळू लावून पाहिला. अजून बोटभर अडत होतं. आणखी हवा सोडली असती तर टायर चिरले असते.

एव्हाना मागे जत्रेच्या गाड्या तुंबल्या होत्या. मोटर रस्ता अडवून उभी, बाजूने कोणाला जाता येईना. तांड्यावरच्या बायका, पोरं, म्हातारे खाली उतरून गर्दी करून उभे होते. आरशांचे घागरे, हातभर चुडे, डोक्यावर पाण्याच्या कळश्या. एक म्हातारा रागाने म्हणत होता, "हे घर कायले रस्त्यावर आणलं? घर घरी ठेवा!"

त्या गर्दीकडे बघतानाच मला सुचलं. आमच्या शेतावर कापसाची गाडी भरली की तिचा दांडा किती खाली येतो ते मी दर दिवाळीला बघायची. मी म्हटलं, "मान्सं भरा मोटरीत. वजनानं बसन ते."

हे हसले. "मोटर हाय का बैलगाडी? स्प्रिंगचे पाटे मोडतीन."

पाहुणेही घुटमळले. आणि दगडावरून धाकटी म्हणाली, "बाई बराबर म्हनते. भरा मान्सं."

"बरं," पाहुणे म्हणाले.

पुन्हा तेच. माझं म्हणणं खरं ठरवायलासुद्धा तीच लागली. पण तेव्हा रागवायला वेळ नव्हता. मी गर्दीकडे वळले आणि ओरडले, "चाला वो मायांनो, मोटरीत बसा! फुकट! उतरवू पुलापलीकडं!" पहिल्यांदा कोणी हलेना. मग एक दणकट बाई कडेवरचं पोर सावरत पायरी चढली, आणि तिच्या मागे सगळ्या तुटून पडल्या. पलंगावर, पलंगाखाली, अंधाऱ्या खोलीत, भांड्यांच्या फळीला लटकून. मघाचा रागावलेला म्हातारा सगळ्यांत आधी खिडकीशी जाऊन बसला आणि पडदा सरकवून बाहेर बघायला लागला. मोटर कुरकुरली आणि बसली. मी चिंधी आणखी खाली सरकवून वेळू लावला. चिंधी सुटली, पण अशी की मधून विडीचं पान जेमतेम गेलं असतं.

छपरावर बसायची आता सोय नव्हती. मी मोटरीच्या पुढे जाऊन उभी राहिले, तोंड मोटरीकडे करून, दोन्ही हात वर. पाहुण्यांना म्हटलं, "माया हाताकडं पाय. दुसरं कुठं पायचं नाई." मी घाईत त्यांना एकेरी बोलले. त्यांनी मान हलवली.

मी उलट्या पावलांनी पुलाखाली शिरले. नजर छपराच्या कडेवर आणि तुळईवर. हात हलवला की मोटर हातभर पुढे यायची, मूठ मिटली की थांबायची. आत बायकांनी देवीचा जयजयकार सुरू केला, मी ओरडले, "हालू नका वो!" तशी एकदम शांतता झाली. अर्धं छप्पर तुळईखाली आलं होतं आणि तेवढ्यात लांबून शिट्टी ऐकू आली.

लहान गाडी येत होती.

माझ्या डोक्यात एवढंच आलं की वरून गाडी गेली की पूल दबतो. किती दबतो ते मला माहीत नव्हतं. मी मूठ मिटली. कडेला उभे असलेले हे ओरडले, "चालू द्या, चालू द्या! गाडी लांब हाय, निघून जाते तवरीक!"

पाहुण्यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्या मुठीकडे पाहिलं. मी हात मागे ढकलल्यासारखा केला, एकदा, दोनदा. मोटर मागे सरकायला लागली, सरकत सरकत पूर्ण बाहेर गेली आणि थांबली. मी खांबाला पाठ लावून डोळे मिटले. वरून गाडी गेली तेव्हा सगळा पूल दणाणला, कोळशाची भुकटी आणि गिट्टीचे बारीक खडे माझ्या डोक्यात पडले. तुळई किती खाली आली हे मी पाहिलं नाही. पण मी आजही म्हणते की ती आली असणार.

गाडी गेल्यावर आम्ही पुन्हा सुरुवात केली. त्या वेळी धाकटी दगडावर डोकं गुडघ्यांत घालून बसली होती, तिला दुसरी थंडी भरली होती. तिने काही पाहिलं नाही. सगळा पूल मी एकटीने पार केला. मागच्या कोपऱ्याला थोडं खरचटलं, पत्र्याचा कर्रर्र आवाज आला, आणि मोटर पलीकडच्या उन्हात बाहेर आली. आतल्या बायका पोरांना घेऊन उतरल्या, एकीने माझ्या गालांवरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली. पाहुण्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि मला म्हणाले, "बाई, आज तुमी नसत्या तं..." पुढे त्यांना बोलता आलं नाही, कारण हे मध्ये आले, धोतर झटकलं आणि म्हणाले,

"मी म्हनलंच होतं. जाते म्हून."

जत्रेत धंदा खूप झाला. तळ्याकाठच्या महालासमोर जोडपी येऊन बसत, बायका घागऱ्याच्या चुण्या नीट करत, पोरं रडत. धाकटीचा ताप जत्रा संपायच्या आत उतरला. परत निघताना ती दाराआड गेली, वेळू घेतला आणि शिडी चढून आपल्या जागी जाऊन बसली. मला विचारावं, "बाई, तू बसतं का?" असं तिच्या मनातही आलं नाही. मी आत पलंगावर बसले. खिडकीतून रस्ता दिसत होता, पण बाजूचा, मागे पळणारा. वरून तिचा आवाज यायचा आणि मोटर थांबायची.

निघण्याआधी पाहुण्यांनी एक फोटो काढला होता. यांनीच हट्ट धरला. मोटरीच्या बॉनेटला टेकलेले हे, एक पाय पुढे, हातात तो वेळू. किन्हीराजाला आमच्या बैठकीत तो चौकटीत लावला. येणारा-जाणारा विचारे आणि हे सांगत, कारंज्याकडच्या पुलाखालून मोटर कशी काढली. पहिल्या पहिल्यांदा त्या गोष्टीत पाहुणे असायचे, धाकटीही असायची. मग दोघंही गळून गेली. मी कधीच नव्हते. दर दिवाळीला त्या काचेवरची धूळ मात्र मी पुसायची.

मग जर्मनीची लढाई सुरू झाली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. मोटर वाशीमला एका जिनिंगच्या आवारात उभी राहिली, ती उभीच राहिली. चाकं गेली, मग इंजिन गेलं, सागवानी फळ्या कोणीतरी घर बांधायला नेल्या. धाकटीने आणि तिच्या नवऱ्याने वाशीमला बाजारात दोन खोल्या घेतल्या. पुढच्या खोलीत पडदा आणि तिपाई, मागे संसार आणि अंधारी खोली. मी हे ऐकलं तेव्हा मला फार वाईट वाटलं असं मी सगळ्यांना सांगितलं. त्या दिवशी मी गुळाचा शिरा केला होता, तो का केला हे कोणी विचारलं नाही.

पुढे एकदा मी वाशीमला तिच्याकडे गेले. ती अंगाने भरली होती, गोरीही झाली होती. दोन मुलं अंगणात खेळत होती. मी मनाशी ठरवूनच आले होते की तिला विचारायचं. चहा टाकला तशी मी म्हटलं, "छपराची आठवण येत असन तुले."

"कायची आठवन वो बाई," ती चहा गाळत म्हणाली. "सुटली म्हन मी. रोज सकाळी वर चढतानी वाटे, आज पडतोच आपन. एका फांदीनं डोळा गेला असता एकदा. खाली उतरली की देवाचे पाय धरू. याहिले सांगितलं नाई कधी, दुसरं कोन होतं बसाले?"

इतकी वर्षं मी जिच्यासाठी जळले ते तिला नकोच होतं. आणि नको असलेलं ते सगळं तिलाच मिळालं होतं, ती वाऱ्याची बैठक, ती वरून दिसणारी शेतं.

"मले आवडलं होतं," मी म्हटलं. आवाज जरा चढाच लागला. "त्या एका दिवशी. लय आवडलं होतं."

"मंग तवा काहून नाई बोल्ली? तुलेच ठेवलं असतं वर."

"कोनाले बोलू?"

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करते आहे. "आहो," तिने अंधाऱ्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "इकडं या जरा. बाई काय म्हनते ऐका."

आत पाण्यात काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. दार उघडलं आणि तो लगेच बाहेर आला, ओले हात धोतराला पुसत. चौकटीत उभा राहून तो माझ्याकडे बघत म्हणाला, "बोला ना बाई."

तो खरंच ऐकायला उभा होता. घाई नव्हती त्याच्या चेहऱ्यावर. मी चहाचा घोट घेतला.

"काई नाई," मी म्हटलं, "साखर जास्त झाली चहात."